प्रश्नार्थक शब्द सगळे पाठ, तरी इंग्रजी प्रश्न जुळत नाही: आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना हे कसं शिकवावं?

धुऱ्यावरून (ता. दारव्हा)

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. 'व्हॉट म्हणजे काय, व्हेअर म्हणजे कुठे, व्हेन म्हणजे केव्हा' हा तक्ता आमच्याकडच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे आणि पोरं तो झोपेतही म्हणून दाखवतील. पण आठवी-नववीच्या मुलाला सांगा, 'तुझ्या बाबांनी कापूस कुठे विकला' हे इंग्रजीत विचार, की तो हमखास लिहितो, 'युवर फादर व्हेअर सोल्ड कॉटन?'

यातला एकही शब्द चुकलेला नाही. म्हणून 'शब्दार्थ पाठ करा' असं त्याला पुन्हा सांगण्यात काही अर्थ नाही. मराठीत प्रश्नाचा शब्द उत्तराच्याच जागेवर बसतो. 'बाबांनी कापूस हिंगणघाटला विकला', 'बाबांनी कापूस कुठे विकला', एक शब्द काढला, दुसरा ठेवला, झालं. इंग्रजीत त्यानंतर दोन कामं उरतात. प्रश्नाचा शब्द उचलून सगळ्यात पुढे न्यायचा आणि त्याच्या पाठोपाठ, कर्त्याच्या आधी, एक सहायक क्रियापद बसवायचं. ही दोन कामं आपल्या भाषेत नाहीत, त्यामुळे मुलाच्या डोक्यात ती आपोआप येणार नाहीत. तक्त्यात तर त्यांचा पत्ताच नसतो.

मी संध्याकाळी सातवी ते दहावीच्या पोरांना ओसरीवर बसवतो. तिथे चिठ्ठ्या मांडून हे करून घेतो. माय, फादर, सोल्ड, कॉटन, ॲट, हिंगणघाट. एक मुलगी पुढे आली, तिनं 'ॲट' आणि 'हिंगणघाट' उचलून तिथे 'व्हेअर' ठेवलं. इथपर्यंत मराठी. मग ती चिठ्ठी सरकवत सगळ्यात पुढे नेली आणि 'माय'चं 'युवर' केलं. मी तिच्या हातात एक कोरी चिठ्ठी दिली आणि 'व्हेअर'नंतरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिनं विचार करून 'डिड' लिहिलं. आता ओसरीवर वाक्य होतं, 'व्हेअर डिड युवर फादर सोल्ड कॉटन'. मागून एक पोरगा म्हणाला, 'सर, भूतकाळ दोनदा झाला ना!' तिनं 'सोल्ड'ची चिठ्ठी उलटी केली आणि पाठीवर 'सेल' लिहिलं. भूतकाळ 'डिड'ने उचलला, मग क्रियापद मोकळं होतं. हे मी सांगून त्यांना जितकं कळलं नसतं तितकं त्या उलट्या चिठ्ठीनं कळलं.

वाक्यात इज, आर, वॉज, कॅन, विल असं काही आधीपासून असेल तर डू-डिड आणायचंच नाही, आहे तेच पुढे घ्यायचं. 'द बस इज लेट', 'व्हाय इज द बस लेट?' 'डॉ. पंजाबराव देशमुख वॉज बॉर्न ॲट पापळ इन १८९८', 'व्हेअर वॉज डॉ. पंजाबराव देशमुख बॉर्न?'

आणखी एक अडचण खास आपल्या भागातली. आपण 'जेवला काय?', 'येतं काय?', 'पाणी आलं काय?' असं विचारतो. शेवटचा हा 'काय' म्हणजे 'व्हॉट' नाही. तो फक्त हो-नाही विचारतो. पण तक्त्यात 'काय म्हणजे व्हॉट' लिहिलेलं, म्हणून पोरं 'जेवला काय?'चं 'व्हॉट यू एट?' करतात. खरं तर तिथे 'हॅव यू ईटन?' हवं, प्रश्नार्थक शब्दच नको. 'काय जेवला?' असं असेल तेव्हा 'व्हॉट डिड यू ईट?' काय पुढे आहे की शेवटी, एवढं एक बघायला शिकवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

तुम्ही कसं शिकवता? शिक्षक असा, पालक असा, स्वतः शिकत असा, लिहा.

पऱ्हाटी

सर, अगदी कामाचा विषय काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमच्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा 'किती'चा. आपल्याला एकच 'किती' पुरतो. 'कापूस किती झाला' आणि 'पोती किती झाली' यात आपण फरक करत नाही. इंग्रजीत मोजता येणाऱ्याला हाऊ मेनी आणि न मोजता येणाऱ्याला हाऊ मच, हा नियम पोरांना तोंडपाठ असतो. पण मग त्यांचा प्रश्न येतो, 'मॅडम, कापूस तर मोजतात ना, काट्यावर?'

प्रश्न रास्त आहे. म्हणून मी 'मोजणे' हा शब्दच वापरत नाही. मी म्हणते, 'एक कापूस, दोन कापूस' असं म्हणता येतं का? नाही. 'एक क्विंटल, दोन क्विंटल' म्हणता येतं. म्हणून हाऊ मच कॉटन, पण हाऊ मेनी क्विंटल्स ऑफ कॉटन. हाऊ मच मनी, पण हाऊ मेनी रुपीज. हाऊ मच मिल्क, पण हाऊ मेनी लिटर्स. हाऊ मेनी ऑरेंजेस, पण हाऊ मच ऑरेंज ज्यूस. शेवटचं वरुड-मोर्शीकडच्या पोरांना लगेच कळतं.

आणि एका कान्याचा फरक बघा. 'किती वेळ' म्हणजे हाऊ लाँग, 'किती वेळा' म्हणजे हाऊ मेनी टाइम्स किंवा हाऊ ऑफन. 'किती दूर' हाऊ फार, 'किती वयाचा' हाऊ ओल्ड. मी पोरांना हे सुटं सुटं न देता सगळे 'किती' फळ्यावर एकत्र लिहून देते, कारण मराठीत ते एकाच घरातले आहेत.

दहावीची_आई (वरुड)

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या कृतिपत्रिकेत अधोरेखित भाग उत्तर म्हणून यावा असा डब्ल्यू-एच प्रश्न तयार करायचा असतो. परवा तिला सरावाला हे वाक्य होतं, 'फार्मर्स फ्रॉम वरुड गो टू नागपूर टू सेल ऑरेंजेस'. अधोरेखित होतं 'टू सेल ऑरेंजेस'. तिनं लिहिलं 'व्हॉट डू फार्मर्स सेल?' बाईंनी चूक दिलं, पण काहून चूक ते सांगितलं नाही. घरात इंग्रजी सांगणारं कोणी नाही. तुम्ही सांगता का?

धुऱ्यावरून

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही 'काहून चूक' असं लिहिलंत.

आपल्या बोलीत 'काहून' आणि 'कायले' असे दोन शब्द आहेत. 'काहून उशीर झाला?' म्हणजे कारण विचारलं. 'पाऊस आला म्हून.' 'नागपूरले कायले चालला?' म्हणजे हेतू विचारला. 'संत्री विकाले.' इंग्रजीत दोन्हींना एकच व्हाय पुरतो, फरक पडतो तो उत्तरात. काहूनच्या उत्तरात बिकॉज येतो आणि कायलेच्या उत्तरात 'टू'ला जोडून क्रियापद येतं. टू सेल, टू बाय, टू मीट.

मुलीला एवढंच सांगा की अधोरेखित भाग वऱ्हाडीत म्हणून बघ. 'संत्री विकाले.' आता याला प्रश्न कोणता? 'कायले जातात?' मग व्हाय. 'व्हाय डू फार्मर्स फ्रॉम वरुड गो टू नागपूर?' तिच्या प्रश्नाचं उत्तर फक्त 'ऑरेंजेस' येतं, 'टू सेल' बाहेर राहतं, म्हणून ते चूक दिलं. नुसतं 'ऑरेंजेस' अधोरेखित असतं तर व्हॉट बरोबर होतं, आणि प्रश्न झाला असता, 'व्हॉट डू फार्मर्स फ्रॉम वरुड गो टू नागपूर टू सेल?'

तपासायची सोपी रीत म्हणजे आपला प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि त्याचं उत्तर तुटक द्यायचं. त्या उत्तरात अधोरेखित शब्द तेवढेच आले पाहिजेत, कमी नाही की जास्त नाही.

दहावीची_आई (वरुड)

समजलं सर. कायले आणि काहून हे आम्ही रोज बोलतो, पण असं कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. मुलीला आत्ताच सांगितलं.

मूळ_कारंजा_मुक्काम_पुणे

सर्वांचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो आणि आता रोज इंग्रजीतच काम करतो. माझा अनुभव असा की मराठीतून इंग्रजीकडे जाण्याची सवय लागली की माणूस आयुष्यभर मनात भाषांतर करत राहतो. समोरचा बोलून मोकळा होतो आणि आपण अजून 'डिड' कुठे ठेवायचा ते शोधत असतो. त्यात वऱ्हाडी आणली तर मुलाला दोन पुलांवरून जावं लागेल, आधी वऱ्हाडी ते प्रमाण मराठी, मग इंग्रजी.

त्यापेक्षा तयार प्रश्न द्यावेत. व्हेअर डू यू लिव्ह, व्हॉट टाइम डज द बस कम, हाऊ मच डज इट कॉस्ट. असे प्रश्न रोज एकमेकांना विचारायला लावावेत. नियम नंतर कळेल, किंवा नाही कळला तरी जीभ बरोबर वळेल.

पऱ्हाटी

भाऊ, तयार प्रश्नांचा उपयोग मी नाकारत नाही. माझ्या वर्गात सकाळची पाच मिनिटं त्यालाच असतात आणि 'डू यू', 'डिड यू' ऐकून ऐकून कान तयार होतो हे खरं.

पण तुम्हाला शाळेबाहेर इंग्रजी ऐकायला मिळालं, नोकरीत मिळालं. आमच्या गावात पोराला शाळेच्या त्या एका तासिकेपलीकडे इंग्रजी कानावर पडत नाही. तेवढ्या ऐकण्यावर जीभ वळत नाही, आणि पाठ केलेल्या प्रश्नातला एक शब्द बदलला की पोरगं थांबतं. 'व्हेअर डू यू लिव्ह' येतं, पण 'तुझी मावशी कुठे राहते' म्हटलं की 'व्हेअर डू युवर आंट लिव्ह' होतं. तिथे 'डज' का, हे कुणीतरी सांगावंच लागतं.

आणि दोन पूल नाहीत भाऊ. आमचं पोरगं वऱ्हाडीतच विचार करतं. प्रमाण मराठीचा तक्ता भिंतीवर लावून आपणच मधे एक पूल जास्तीचा बांधतो. त्याला 'कधी' आधी शिकवायचा आणि मग व्हेन. त्यापेक्षा त्याचा 'कवा' आणि व्हेन थेट समोरासमोर ठेवले तर रस्ता कमीच होतो.

धुऱ्यावरून

मॅडमशी सहमत. कारंजेकर भाऊंचा सरावाचा मुद्दाही मी घेतो, पण बोलीचा उपयोग नुसता शब्दार्थापुरता नाही, ती व्याकरणसुद्धा सांगते. एक उदाहरण देतो.

'हू'च्या प्रश्नात कधी डिड येतो, कधी येत नाही, हे मुलांना सगळ्यात जड जातं. 'रामूला कोणी मारलं?' म्हणजे 'हू हिट रामू?' इथे डिड नाही. 'रामूनं कोणाला मारलं?' म्हणजे 'हू डिड रामू हिट?' इथे डिड आहे. पुस्तक सांगतं की प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल तर सहायक क्रियापद लागत नाही. नियम बरोबर आहे, पण 'कर्ता' म्हटलं की पोरं गप्प होतात.

मी त्यांना वऱ्हाडीत विचारायला लावतो. 'रामूले कोनं मारलं?' 'रामूनं कोनाले मारलं?' ज्या प्रश्नात 'कोन' किंवा 'कोनं' आहे तिथे डिड नाही. ज्यात 'कोनाले' आहे तिथे डिड हवा. 'ले' आला की डिड आला. हू ब्रोक द पंप, हू कॉल्ड यू, हू टोल्ड यू, तिन्हींत 'कोनं', म्हणून डिड नाही. 'तुले कोनं सांगितलं' यात 'ले' आहे खरा, पण तो 'तुले'चा आहे, प्रश्नाच्या शब्दाचा नाही, एवढं सांभाळायचं. इज आणि वॉज असलेल्या वाक्यात तर हा प्रश्नच येत नाही, 'हू इज ही?' तिथे डिडचं काम नाही.

शब्दवेडा

'ले आला की डिड आला' हे फार आवडलं. एक भर घालतो, कारण हा नियम 'कोन'पुरताच चालेल, 'काय'ला चालणार नाही. निर्जीव वस्तूला आपण 'ले' लावत नाही. 'काय पडलं?' आणि 'त्यानं काय पाडलं?' दोन्हींत नुसताच 'काय'. पण पहिल्याचं इंग्रजी 'व्हॉट फेल?' आणि दुसऱ्याचं 'व्हॉट डिड ही ड्रॉप?' इथे मुलाला असं विचारावं लागेल की वाक्यात काम करणारा दुसरा कोणी आहे का? 'त्यानं' आहे, म्हणून डिड. पहिल्यात कोणीच नाही, पडणारी वस्तूच प्रश्नात आहे, म्हणून डिड नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. आपले प्रश्नार्थक शब्द बघा, काय, कोण, का, कधी, केव्हा, कुठे, किती, कसा, कोणता. सगळे 'क'चे. हिंदीतही तेच. इंग्रजीत जवळजवळ सगळे डब्ल्यू-एचचे. हा योगायोग नाही. आपला 'क' आणि त्यांचा डब्ल्यू-एच एकाच मुळापासून आले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सर विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत बोलले. पुढे याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये ध्वनी कसे बदलले याचा नियम मांडला. आपला 'प' इंग्रजीत 'फ' झाला, पितृचं फादर. 'त'चा 'थ' झाला, त्रिचं थ्री. तसाच 'क'चा 'ह' झाला. जुन्या इंग्रजीत हे शब्द एच आधी आणि डब्ल्यू नंतर असे लिहीत, ह्वा आणि ह्वॅट. नंतर लिहिताना अक्षरांची अदलाबदल झाली.

म्हणूनच हाऊ हा त्या घराबाहेरचा वाटला तरी त्यातलाच आहे, त्याचा डब्ल्यू फार पूर्वीच गळून पडला. 'हू'मध्ये डब्ल्यू लिहितात पण बोलत नाहीत. आणि व्हाय हे 'व्हॉट'चंच जुनं विभक्तीचं रूप आहे, म्हणजे 'कशाने', 'कशामुळे'. आपण 'काय'ला 'ले' लावून 'कायले' करतो, त्यांनीही पूर्वी असंच काहीसं केलं होतं. पोरांना हे कळलं की इंग्रजी परकी वाटत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

धारणीचा_रस्ता

इथे एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. विदर्भात सगळ्याच मुलांची घरची भाषा वऱ्हाडी नाही. मी मेळघाटात शिकवतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी तिचं हे 'क'चं नातं नाही. त्यांना मराठीच शाळेत येऊन शिकावी लागते, इंग्रजी ही त्यांच्यावर पडणारी पुढची भाषा.

तिथे मी शब्दाशब्दाची जोडी लावतच नाही. वस्तू लपवतो आणि विचारतो, व्हेअर इज द बॉल? दोन पेन पुढे धरतो, विच पेन डू यू वाँट? दप्तर उचलतो, हूज बॅग इज धिस? पोरं कृतीतून पकडतात. विच आणि व्हॉट यातला फरक तर असाच चांगला कळतो. समोर दोन-तीनच पर्याय असले की विच, पर्याय मोकळे असले की व्हॉट. सांगायला मला भाषा लागत नाही. मुठीतल्या दोन पेनांनी काम होतं.

पऱ्हाटी

सर, हे मराठी बोलणाऱ्या पोरांनाही लागू पडेल. मी उद्याच करून बघते.

मोहर्ली_गेट

सर्वांना जय सेवा. मी ताडोब्यात गाइड आहे. मले शाळेतलं इंग्रजी कमी, ऐकून ऐकून जमवलेलं जास्त. माया प्रश्न पेपराचा नाही, पोटापाण्याचा हाये. बाहेरदेशचे पाहुणे येतात. त्यायले 'तुम्ही कुठून आले' असं विचारतो तवा 'फ्रॉम व्हेअर यू हॅव कम?' म्हणतो. त्यायले समजते, पण आमचे काही पोरं म्हणतात हे बरोबर नाही. दुसरं असं की 'व्हेअर आर यू स्टेइंग?' असं एकदम विचारलं त उद्धट वाटते म्हणतात, अदबीनं विचारा. मंग मी म्हणतो, 'कुड यू टेल मी व्हेअर आर यू स्टेइंग?' हे बरोबर हाये काय जी?

धुऱ्यावरून

भाऊ, पहिल्याला 'व्हेअर आर यू फ्रॉम?' म्हणा. बोलताना फ्रॉम शेवटीच राहतो. आपल्याला 'कुठून' हा एकच शब्द आहे, त्याचे इंग्रजीत दोन तुकडे होतात, व्हेअर पुढे जातो आणि फ्रॉम मागे थांबतो. 'कोणासोबत आले' याचंही तसंच, 'हू डिड यू कम विथ?'

दुसरं, अदबीचं. तिथे एक सुखाची गोष्ट आहे. पुढे 'कुड यू टेल मी' किंवा 'डू यू नो' जोडलं की प्रश्नाचं काम तिथेच झालं. मागचा भाग साध्या वाक्यासारखा सरळ ठेवायचा, उलटापालट करायची नाही, डू-डिड आणायचा नाही. म्हणून 'कुड यू टेल मी व्हेअर यू आर स्टेइंग?' तुमच्या वाक्यात फक्त 'आर' आणि 'यू'ची जागा बदला, मग अगदी बरोबर.

तुमच्या कामातलंच आणखी एक. 'ताडोबा कधी राष्ट्रीय उद्यान झालं?' सरळ विचारलं तर 'व्हेन डिड ताडोबा बिकम अ नॅशनल पार्क?' पाहुण्यांना कोडं घालायचं असेल तर 'डू यू नो व्हेन ताडोबा बिकेम अ नॅशनल पार्क?' बघा, इथे डिड गेला आणि बिकम पुन्हा बिकेम झालं. उत्तर १९५५, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.

मोहर्ली_गेट

लय उपकार झाले सर. हे लिहून ठेवलं. 'कुड यू टेल मी' लावलं की मागचं वाक्य आपलं सरळ. हे सोपं हाये. आणखी एक सांगजा. पाहुणा विचारते, 'व्हॉट इज द टायगर लाइक?' आणि दुसरा विचारते, 'हाऊ इज द टायगर?' दोन्ही एकच काय?

शब्दवेडा

नाही जी, फरक आहे. 'हाऊ इज द टायगर?' म्हणजे तब्येत विचारली. जखमी वाघाबद्दल कोणी विचारलं तर असं विचारेल. 'व्हॉट इज द टायगर लाइक?' म्हणजे स्वभावानं, दिसण्यानं कसा आहे. आपला 'कसा' दोन्ही कामं करतो, म्हणून आपण दोन्हीकडे हाऊ वापरतो. एक जोडी लक्षात ठेवा. 'हाऊ डज इट लुक?' बरोबर, 'व्हॉट डज इट लुक लाइक?' बरोबर. पण 'हाऊ डज इट लुक लाइक?' नाही. शेवटी लाइक असेल तर पुढे व्हॉट.

वैनगंगातीर (भंडारा)

सगळं वाचलं, फार शिकायला मिळालं. माझे दोन प्रश्न. एक, आपण 'कोण कोण आलं?', 'काय काय आणलं?' असं म्हणतो, ते इंग्रजीत कसं? दोन, 'कितवा'. 'प्रतिभाताई पाटील भारताच्या कितव्या राष्ट्रपती?' हा प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितला तर भलेभले अडतात.

पऱ्हाटी

'कोण कोण' म्हटलं की अनेक जण आले हे आपण प्रश्नातच सांगून टाकतो. प्रमाण इंग्रजीत तशी सोय नाही. नुसतं 'हू केम?' विचारायचं, त्यात एक आला की दहा आले दोन्ही मावतं. आपल्या देशात 'हू ऑल केम?' असं सर्रास बोलतात आणि कळतंही. पण परीक्षेत 'हू केम?' लिहावं. 'काय काय आणलं?' म्हणजे 'व्हॉट डिड यू ब्रिंग?'

शब्दवेडा

आणि 'कितवा'साठी इंग्रजीत सरळ एकच रुळलेला शब्द नाही, त्यामुळे अडल्याचं वाईट वाटून घेऊ नये. प्रश्न फिरवून घ्यावा लागतो. 'हाऊ मेनी प्रेसिडेंट्स डिड इंडिया हॅव बिफोर प्रतिभा पाटील?' पण मग उत्तर अकरा येतं, बारावी नाही, हे ध्यानात असू द्या. भाऊ-बहिणींत कितवा हे विचारायचं तर 'आर यू द एल्डेस्ट?' असं विचारतात आणि पुढचं समोरचा सांगतो. पेपरात हे येत नाही, पण मुलं विचारतात आणि त्यांचं विचारणं योग्यच आहे.

मूळ_कारंजा_मुक्काम_पुणे

पऱ्हाटी ताईंचा मुद्दा मान्य. गावात ऐकायलाच मिळत नसेल तर नियम सांगावा लागेल. पण चिठ्ठ्यांनी वाक्य तयार झालं की तेच वाक्य प्रत्येकाने मोठ्याने, शेजाऱ्याचं नाव घालून म्हणावं, एवढी माझी विनंती. नाहीतर ते ओसरीवरच राहील, तोंडात येणार नाही. मी दिवाळीत गावी येतो आहे. दारव्हा लांब नाही. सरांची परवानगी असेल तर एक संध्याकाळ पोरांसोबत बसेन, नुसतं प्रश्न विचारायला.

धुऱ्यावरून

परवानगी कसली भाऊ, जरूर या. पोरांना गावाबाहेरच्या माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारायला मिळेल, यापेक्षा चांगला सराव नाही.

तोवर सगळ्यांना एक वाक्य देतो. 'बाबा आमटे स्टार्टेड आनंदवन निअर वरोरा इन १९४९.' यातून हू, व्हॉट, व्हेअर आणि व्हेन असे चार प्रश्न काढायला लावा. चारही एकाच वाक्यातले असल्यामुळे कुठे डिड येतो आणि कुठे येत नाही ते शेजारी शेजारी दिसतं.

दहावीची_आई (वरुड)

सर, मुलीनं केले. तिनं सांगितलं तसे लिहिते.
हू स्टार्टेड आनंदवन निअर वरोरा इन १९४९?
व्हॉट डिड बाबा आमटे स्टार्ट निअर वरोरा इन १९४९?
व्हेन डिड बाबा आमटे स्टार्ट आनंदवन निअर वरोरा?
व्हेअर डिड बाबा आमटे स्टार्टेड आनंदवन इन १९४९?
ती म्हणते, कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलं असं पुस्तकात असलं तर 'कोणासाठी' कसं विचारायचं?

धुऱ्यावरून

पहिले तिन्ही बरोबर. पहिल्यात 'कोनं' म्हणून डिड घातला नाही, शाबास. चौथ्यात डिड आल्यावर 'स्टार्टेड' राहून गेलं, तिथे चिठ्ठी उलटी करायची, 'स्टार्ट'.

'कोणासाठी'चं असं आहे. बोलताना 'हू डिड बाबा आमटे स्टार्ट आनंदवन फॉर?' चालतं, सगळीकडे असंच बोलतात. फॉर, टू, विथ, फ्रॉम हे शब्द मात्र पुढे घेतले तर त्यांच्या मागे हू चालत नाही, हूम लागतो. तो 'म' जुन्या विभक्तीचा उरलेला आहे. लेखी उत्तरात हेच रूप जास्त नेटकं दिसतं, तेव्हा पेपरात तिला असं लिहू द्या: 'फॉर हूम डिड बाबा आमटे स्टार्ट आनंदवन?'